न्यायमूर्तींची पहिली विद्या

न्यायमूर्तींच्या चरित्रात एक ओळ हमखास असते. ‘संस्कृत घेऊन एम. ए., नंतर एलएल. बी.’ किंवा ‘गणितात ऑनर्स, नंतर कायद्याची पदवी.’ चरित्रकार या ओळीतल्या ‘नंतर’ या शब्दावरून उडी मारतो आणि थेट सनद, अशील, पहिला गाजलेला खटला इथे जाऊन पोहोचतो. त्या शब्दाच्या अलीकडे जी तीन-चार किंवा सहा वर्षे असतात, ती वाया गेल्यासारखी मागे राहतात. पण माणूस विसाव्या वर्षी ज्या रीतीने पुस्तक वाचायला शिकतो, ती रीत तो साठाव्या वर्षी सोडतो का? आणि त्या माणसाच्या वाचण्यावर जर लोकांची घरे, वाटण्या, विवाह आणि देवळांचे दरवाजे अवलंबून असतील, तर त्या अलीकडच्या वर्षांची विचारपूस करायला नको का?

मी वकील नाही. निकालपत्रे वाचण्याचा नाद लागला तो गद्य म्हणून. आपल्याकडे कादंबरीची समीक्षा होते, आत्मचरित्राची होते, अग्रलेखांचीही होते. निकालपत्राची मात्र बातमी होते किंवा टिपण होते. ते कोणीतरी लिहिलेले असते, त्याला शैली असते, लेखकाच्या घडणीच्या खुणा असतात, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. या लेखात मी मुंबईच्या न्यायपरंपरेतली काही निकालपत्रे त्यांच्या लेखकांच्या पहिल्या विद्येशेजारी ठेवून वाचणार आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ चे. तिथली कायद्याची पदवी ही बहुधा दुसरी पदवी असे. आधी कला शाखेची, मग एलएल. बी. त्यामुळे उच्च न्यायालयात पोहोचलेला एतद्देशीय माणूस तिथे येताना दुसऱ्या कुठल्यातरी विषयाचा वास घेऊन येई. इंग्लंडातही हे नवीन नव्हते. लॉर्ड डेनिंग हे ऑक्सफर्डला आधी गणितात पहिल्या वर्गात आले आणि मग कायद्याकडे वळले. पण आपल्याकडे या गोष्टीला जास्तीचा एक पदर होता. इथला न्यायाधीश ज्या कायद्याने हिंदूंच्या वाटण्या करी, तो कायदा संस्कृतात होता, आणि न्यायालयाची भाषा इंग्रजी होती. मधला पूल भाषांतरांचा. १८६४ पर्यंत न्यायालयांना शास्त्री नेमून दिलेले असत. त्या वर्षी ती पदे रद्द झाली. त्यानंतर इंग्रज न्यायाधीशापुढे राहिले कोलब्रुकने १८१० मध्ये केलेले मिताक्षरेचे दायविभागाचे भाषांतर, बोरोडेलने केलेले व्यवहारमयूखाचे भाषांतर आणि आधीच्या निकालांची चळत. आता ज्याला मूळ संहिता वाचता येते असा न्यायाधीश या पिठावर येऊन बसला तर काय होईल?

तसा न्यायाधीश १८८९ मध्ये आला. काशीनाथ त्र्यंबक तेलंग. त्यांच्याकडे वळण्याआधी रानड्यांचे दोन शब्दांत सांगून टाकतो, कारण त्यांच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. महादेव गोविंद रानडे १८६२ साली पदवीधर झालेल्या मुंबईच्या पहिल्या तुकडीतले. त्यांचे विषय इतिहास आणि अर्थशास्त्र. त्यांच्या या विद्येचा ठसा मला उच्च न्यायालयातल्या शेवटच्या आठ वर्षांपेक्षा त्याआधीच्या कामात जास्त दिसतो. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून ते पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांतल्या न्यायालयांचे काम तपासत हिंडले. कर्जाचा प्रत्येक दावा हा सावकार आणि कुणबी यांच्यातला खासगी करार आहे, असे कायद्याचे विद्यार्थी म्हणतील. रानडे त्यात सारा, पाऊस, पत आणि बाजारभाव पाहत. असे पाहणे कायद्याच्या वर्गात शिकवले जात नव्हते. तेलंगांच्या मृत्यूनंतर, १८९३ मध्ये, रानडे त्यांच्याच जागी उच्च न्यायालयात आले.

तेलंगांना आयुष्य मिळाले जेमतेम त्रेचाळीस वर्षांचे (१८५०–१८९३) आणि न्यायासन चारच वर्षांचे. एल्फिन्स्टनमधून एम. ए., एलएल. बी. होऊन १८७२ मध्ये त्यांनी ओरिजिनल साइडची सनद घेतली. पण त्याच काळात ते जे लिहीत होते ते पाहिले म्हणजे हा माणूस वकिली फावल्या वेळात करीत होता की काय, अशी शंका येते. वेबरने रामायणावर होमरची छाया पडल्याचे सुचवले, त्याला उत्तर १८७३ मध्ये. भर्तृहरीच्या शतकांची संपादित आवृत्ती, गीतेचा इंग्रजी पद्यानुवाद, ‘मुद्राराक्षस’ची आवृत्ती आणि १८८२ मध्ये मॅक्स म्यूलरच्या ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ मालेच्या आठव्या खंडात गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता यांचे गद्य भाषांतर. या खंडाची प्रस्तावना माझ्या मते तेलंगांच्या निकालपत्रांइतकीच न्यायाधीशाची आहे, आणि तिथूनच मी त्यांना वाचायला सुरुवात करीन.

प्रस्तावनेत प्रश्न आहे गीतेच्या काळाचा. बाहेरचा पुरावा तुटपुंजा, म्हणून तेलंग आतल्या पुराव्याकडे जातात: भाषा, वृत्तांची मोकळीक, शब्दांचे अर्थ अजून पक्के न झालेले असणे, धर्मसूत्रांशी असलेले नाते. गीता इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकानंतरची नाही, हा त्यांचा निष्कर्ष. आज तो सगळ्यांना मान्य होईल असे नाही, पण इथे महत्त्वाची आहे ती वाट. गीतेत परस्परांशी न जुळणारी विधाने आहेत, हे तेलंग उघडपणे मान्य करतात. भाष्यकार त्या विधानांना ओढूनताणून एका सूत्रात गुंफतात. तेलंग म्हणतात, ती तशीच राहू द्यावीत. हा ग्रंथ दर्शनांच्या सूत्रग्रंथांसारखा बांधेसूद नाही, उपनिषदांच्या जातीचा आहे, आणि त्यातल्या विसंगती हाच त्याच्या प्राचीनतेचा एक पुरावा आहे. श्रद्धावान हिंदू घरातल्या तिशीच्या माणसाने गीतेविषयी असे लिहिण्यात जो शांतपणा आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. विसंगती दिसली की घाबरायचे नाही, तिला बोलू द्यायचे, हे त्यांना भाषाशास्त्राच्या अभ्यासाने दिले.

दहा वर्षांनी हाच माणूस न्यायासनावर आहे. पुढे मिताक्षरा आणि मयूख. एकाच वारशाविषयी दोघांचे म्हणणे जुळत नाही. गोजाबाई विरुद्ध श्रीमंत शहाजीराव भोसले या खटल्यात तेलंग तत्त्व घालून देतात की, जिथे आणि जितके वाजवीपणे शक्य असेल तितके हे दोन्ही ग्रंथ परस्परांशी जुळतील असाच त्यांचा अर्थ लावला पाहिजे. हे तत्त्व पुढे मुंबईत वारंवार उद्धृत झाले.

दोन्ही विधाने शेजारी ठेवा. गीतेतली विसंगती तशीच ठेवा, मिताक्षरा-मयूखातली मात्र मिटवा. तेलंगांनी विद्यापीठातली विद्या दारात चपलांबरोबर काढून ठेवली असा याचा अर्थ नाही. गीतेचा अभ्यासक विसंगती तशीच ठेवू शकतो, कारण त्याच्यापुढे कोणी जमिनीचा तुकडा मागत उभे नसते. न्यायाधीशाला संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी ओंजळीत काहीतरी घालावेच लागते. पण ‘वाजवीपणे शक्य असेल तितके’ या अटीत जुना अभ्यासक शिल्लक आहे. जुळत नसेल तिथे जुळत नाही म्हणून सांगण्याची जागा त्याने राखून ठेवली आहे. पहिली विद्या न्यायाधीशाला उत्तर देत नाही. उत्तर देताना आपण काय मोडतो आहोत, याची जाण मात्र देते.

ही जागा त्यांनी वापरली ती आपाजी नरहर कुळकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुळकर्णी या पूर्णपीठाच्या खटल्यात. हा निकाल १८९२ च्या मुंबई खंडात छापलेला आहे. प्रश्न वरवर रुक्ष. बाप आपल्या भावांबरोबर एकत्र कुटुंबात राहतो आहे, त्याला वाटणी नको आहे. मुलगा बापाच्या संमतीवाचून वडिलार्जित मिळकतीची वाटणी मागू शकतो काय? बहुमताने सांगितले, नाही. तेलंगांनी एकट्याने भिन्नमत लिहिले: मागू शकतो. वडिलार्जित मिळकतीत बाप आणि मुलगा यांचे स्वामित्व जन्मापासूनचे आणि सारखे आहे, हा मिताक्षरेचा पायाच आहे. पाया मान्य करायचा आणि त्यावरची भिंत बापाच्या मर्जीपाशी थांबवायची, हे त्यांना पटले नाही.

या भिन्नमताचे वैशिष्ट्य असे की, ज्या सुधारकाला इंग्रजी व्यक्तिस्वातंत्र्याचा भोक्ता म्हणून लोक ओळखत, त्याने मुलाच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली ती मिलच्या बळावर नव्हे, विज्ञानेश्वराच्या बळावर. दुसरे असे की, हे त्यांना करता आले कारण कोलब्रुकच्या इंग्रजी वाक्यावर ते अडून नव्हते. पिठावरच्या इतरांपुढे एक भाषांतर होते आणि पूर्वनिर्णय होते. तेलंगांपुढे संहिता होती, तिची टीका होती, आणि टीका कशी वाचायची याची वीस वर्षांची सवय होती. मणिलाल रेवादत्त विरुद्ध बाई रेवा या स्त्रीधनाच्या खटल्यात हीच सवय दिसते. ‘स्त्रीधन’ हा शब्द मिताक्षरा मोकळ्या अर्थाने घेते आणि मयूख त्याचा पारिभाषिक अर्थ वेगळा काढतो. तेलंग हा भेद असा उलगडतात की, वाचताना आपण न्यायालयात आहोत की पाठशाळेत, हे क्षणभर ध्यानात राहत नाही.

तेलंगांचे आपाजी खटल्यातले मत हरले. बाप एकत्र असेल तर त्याच्या संमतीवाचून मुलाला वाटणी नाही, हा मुंबईचा नियम झाला आणि टिकला. मद्रास, कलकत्ता, अलाहाबादकडे मात्र मुलाचा हक्क मान्य झाला. हिंदू कायद्याच्या हातपुस्तकांत मुंबईचा हा अपवाद वेगळा नोंदवला जाऊ लागला. म्हणजे मिताक्षरा तीच, संहिता तीच, पण बोरीबंदरला उतरलेल्या माणसाचा हक्क एक आणि मद्रासेत उतरलेल्याचा दुसरा. फरक पडला तो पूर्णपीठावरच्या मतांच्या बेरजेने. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. पुढे साठ वर्षांनी तिचे काम पडणार आहे.

०००

१९५१ मध्ये त्याच उच्च न्यायालयात मुंबई सरकार विरुद्ध नरसू आप्पा माळी हा खटला आला. मुंबई इलाख्यात १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा झाला होता. मुसलमानांना मोकळीक आणि हिंदूंना बंदी, म्हणजे धर्मावरून भेदभाव, शिवाय धर्मस्वातंत्र्यावर घाला, असा आक्षेप होता. पिठावर दोन न्यायाधीश: मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला आणि न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. दोघांनी कायदा वैध ठरवला. दोघांनी स्वतंत्र निकालपत्रे लिहिली. समीक्षकाला याहून चांगली संधी मिळत नाही: प्रश्न एक, उत्तर एक, लेखक दोन.

छागला ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात इतिहास शिकले, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. गजेंद्रगडकर साताऱ्याचे. घराणे संस्कृत पंडितांचे. वडील आचार्य, थोरले बंधू अश्वत्थामाचार्य एल्फिन्स्टनला संस्कृतचे प्राध्यापक. स्वतः आधी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १९२४ मध्ये एम. ए., १९२६ मध्ये एलएल. बी., आणि मग मुंबईच्या अपील शाखेत वकिली. हिंदू कायद्यावरचे एक त्रैमासिकही त्यांनी चालवले.

छागलांचे निकालपत्र इतिहासाच्या विद्यार्थ्याचे आहे. सुधारणा एका दिवसात सगळ्यांना लागू होत नसते, राज्य टप्प्याटप्प्याने जाऊ शकते, एखादा समाज आधी तयार असेल तर तिथून आरंभ करता येतो. मग हिंदू धर्माचा मुद्दा येतो आणि छागलांचे वाक्य थबकते. हिंदू धर्माविषयी बोलताना आपल्याला फार संकोच वाटतो, असे ते स्पष्ट म्हणतात. जन्माने खोजा मुसलमान असलेल्या न्यायाधीशाचा हा संकोच केवळ शिष्टाचार नाही. संकोच नोंदवून ते पुढे जातात आणि युक्तिवाद देतात तो असा: पुत्राची धार्मिक गरज हिंदू धर्म मानतो हे खरे, पण तोच धर्म दत्तकाचीही सोय करतो, म्हणजे वंश चालवण्यासाठी दुसरी बायको धर्माने अनिवार्य केलेली नाही. हा मुद्दा संहितेतला आहे, आणि तो मांडला आहे ज्याला संस्कृत येत नव्हते त्याने.

ज्याला ते उत्तम येत होते त्याने काय मांडले? या निकालातला जो भाग आजपर्यंत वादात आहे, त्याची सर्वांत ठाशीव मांडणी गजेंद्रगडकरांच्या निकालपत्रात आहे. व्यक्तिगत कायदे घटनेच्या तेराव्या अनुच्छेदातल्या ‘प्रचलित कायद्यां’त मोडत नाहीत, न्यायालये ते राबवतात हे खरे, पण ते कुठल्या विधिमंडळाने केलेले नाहीत. हिंदू काय, मुसलमान काय, दोन्ही कायद्यांचे मूळ त्यांच्या त्यांच्या धर्मग्रंथांत आहे. म्हणून मूलभूत हक्कांच्या कसोटीवर ते घासता येत नाहीत.

इथे आपाजी कुळकर्ण्यांचा खटला आठवावा. मुंबईतल्या मुलाचा वाटणीचा हक्क कोणत्या धर्मग्रंथाने नाकारला? विज्ञानेश्वराने की १८९० च्या दशकातल्या पूर्णपीठाच्या बहुमताने? स्मृतींपासून न्यायालयापर्यंत येताना हिंदू कायद्यात किती हात लागले, कोलब्रुकचे, प्रिव्ही कौन्सिलचे, उच्च न्यायालयांचे, हे ज्यांना सर्वांत चांगले ठाऊक असणार त्यांच्यापैकी गजेंद्रगडकर एक. तरीही निकालपत्रात त्यांनी त्या कायद्याची वंशावळ सांगितली ती थेट ऋषींपासून. मधली दीडशे वर्षे वगळली. मला यात अज्ञान दिसत नाही, एक प्रकारचा आदर दिसतो. ज्या विद्येत माणूस लहानाचा मोठा झाला, तिचे मूळ रूप त्याच्या डोळ्यांपुढे इतके स्वच्छ असते की तिच्यावर चढलेली न्यायालयांची पुटे त्याला दुय्यम वाटतात. तेलंग संस्कृताच्या बळावर न्यायालयांनी केलेल्या कायद्याला हटकत होते. गजेंद्रगडकरांनी संस्कृताच्या अधिष्ठानावर त्या कायद्याला घटनेच्या कक्षेबाहेर ठेवले.

पंधरा वर्षांनंतरचे त्यांचे निकालपत्र याच्याशेजारी वाचायला हवे. आता ते भारताचे सरन्यायाधीश होते, निवृत्तीला दोन महिने होते. १४ जानेवारी १९६६ चा निकाल, शास्त्री यज्ञपुरुषदासजी विरुद्ध मूलदास वैश्य. अहमदाबादच्या स्वामिनारायण मंदिरात दलितांना प्रवेश हवा होता. सत्संगींनी १९४८ मध्येच दावा लावला होता, आणि त्यांचे म्हणणे असे की आमचा संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा आहे, म्हणून मंदिरप्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नाही. पाच न्यायाधीशांच्या पिठासाठी निकालपत्र लिहिले गजेंद्रगडकरांनी.

‘हिंदू म्हणजे काय’ यावर भारतीय न्यायालयात लिहिले गेलेले हे बहुधा सर्वांत प्रसिद्ध गद्य. वेद-उपनिषदांपासून संतांपर्यंतचा पट ते मांडतात, आणि व्याख्या शेवटी स्वीकारतात ती टिळकांची: वेदांविषयी प्रामाण्यबुद्धी, साधनांची अनेकता आणि उपास्याचा नियम नसणे. (टिळक बी. ए. झाले तेही डेक्कन कॉलेजातूनच, पण गणित घेऊन. व्याख्येची ही त्रिकोणी बांधणी पाहिली की मला ते नेहमी आठवते.) गंमत अशी की, हे सगळे लिहिताना संस्कृतचा हा एम. ए. मुख्यतः इंग्रजी ग्रंथांवर विसंबतो: राधाकृष्णन, मॅक्स म्यूलर, मोनिअर विल्यम्स. ज्या मालेत तेलंगांनी गीता दिली त्याच मालेचा संपादक इथे साक्षीला येतो. संहिता पडद्याआड राहते.

मंदिराचे दार उघडले, आणि ते उघडणेच न्यायाचे होते. याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ज्यांनी अठरा वर्षे दाराबाहेर वाट पाहिली त्यांना पद्धतीच्या बारकाव्यांचे काय सांगावे? आणि तरीही समीक्षकाला वाटेकडे पाहावेच लागते. दार उघडायला कायदा पुरेसा होता. गजेंद्रगडकरांनी त्याहून एक पाऊल पुढे टाकले: सत्संगींची भीती अंधश्रद्धेतून, अज्ञानातून आणि हिंदू धर्माच्या, खुद्द स्वामिनारायणांच्याही, खऱ्या शिकवणीविषयीच्या गैरसमजातून आलेली आहे, असे त्यांनी शेवटी सांगून टाकले. वादीला त्याचा धर्म न्यायाधीशाने समजावून दिला. छागलांचा संकोच इथे नाही, आणि विसंगती तशीच राहू देणारा तेलंगांचा शांतपणाही नाही. शेकडो पंथांचा, परस्परांशी भांडणाऱ्या ग्रंथांचा गोतावळा एका खऱ्या धर्मात आवरून घेतला जातो. हा धर्म उदार आहे, समतावादी आहे, मला स्वतःला तो आवडतो. पण ‘खरी शिकवण कोणती’ हे न्यायासनावरून ठरवता येते असे एकदा मान्य झाले की, पुढच्या न्यायाधीशाला ती तितकीच उदार दिसेल, याची हमी कोण देणार?

विद्या म्हणजे अधिकार, ही समजूत पंडितांच्या घरात स्वाभाविक असते. न्यायासनावर तिची किंमत दुसराच कोणीतरी मोजतो.

०००

यावरून कोणी कोष्टक मांडू नये. इतिहास वाचलेला न्यायाधीश सावध, संस्कृत वाचलेला ठाम, असे काही नसते. पी. एन. भगवती एल्फिन्स्टनचे, गणितात ऑनर्स. यशवंतराव चंद्रचूड त्याच कॉलेजातले, इतिहास आणि अर्थशास्त्राचे. १९७६ मध्ये, आणीबाणीत, स्थानबद्ध माणसाला न्यायालयाचे दार ठोठावता येते काय, हा प्रश्न आला तेव्हा दोघेही ‘नाही’ म्हणणाऱ्या बहुमतात होते. ना गणित कामी आले ना इतिहास. ज्या एच. आर. खन्नांनी एकट्याने विरोधी निकाल दिला, त्यांचे धैर्य कुठल्या पदवीच्या खात्यावर टाकायचे?

पण रीत दिसते. भगवतींनी १९७४ च्या रॉयप्पा निकालात समतेविषयी जे लिहिले ते मला नेहमी भूमितीतल्या गृहीतकासारखे वाटते: जिथे मनमानी आली तिथे समता संपली. सिद्धता नाही, कारण गृहीतकाला ती लागत नाही. त्यावरून पुढची प्रमेये निघतात, आणि ती खरोखरच निघाली. एच. एम. सीरवाईंनी यावर कडक टीका केली. चौदाव्या अनुच्छेदाची शब्दरचनाच बाजूला ठेवलेली ही समता हवेत लोंबकळते, असा त्यांचा रोख होता. सीरवाई तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. वाद घटनेचा होता, पण ऐकताना वाटते की एल्फिन्स्टनच्या दोन वेगवेगळ्या वर्गांतली मुले एकमेकांशी बोलत आहेत.

नरसू आप्पा माळी निकालाची चिकित्सा सर्वोच्च न्यायालयात झाली ती २०१८ च्या शबरीमला निकालात. बहुमतात राहून स्वतंत्र निकालपत्र लिहिणाऱ्या धनंजय चंद्रचूडांनी त्या जुन्या निकालाचा पायाच सदोष असल्याचे म्हटले. रूढी आणि व्यक्तिगत कायदे घटनेच्या तपासणीतून सुटता कामा नयेत, असे त्यांचे मत. ते दिल्लीच्या सेंट स्टीफन्सचे, अर्थशास्त्र आणि गणिताचे पदवीधर. संस्कृताच्या पंडिताने ज्या कायद्याभोवती रेघ ओढली होती, ती पुसण्याची भाषा ज्याने केली त्याला त्या कायद्याच्या मूळ ग्रंथांविषयी तसा घरोबा नव्हता. हे बरे झाले की वाईट, असा प्रश्न विचारण्यापेक्षा घरोब्याचे दोन्ही परिणाम ओळखून ठेवावेत: तेलंगांना त्याने हटकण्याचे बळ दिले, गजेंद्रगडकरांना राखण करण्याची ओढ.

आता ही पहिली विद्याच वाटेवरून नाहीशी होत चालली आहे. १९८० च्या दशकात बारावीनंतर थेट पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आला. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाची पहिली तुकडी १९८८ ची. त्या पिढीतले लोक आता ज्येष्ठ न्यायाधीश होऊ लागले आहेत, पुढच्या वीस वर्षांत बहुसंख्य तेच असतील. त्यांच्या अभ्यासक्रमात इतिहास असतो, अर्थशास्त्र असते, समाजशास्त्रही असते, आणि यातली अनेक मुले जुन्या पदवीधरांपेक्षा कितीतरी हुशार आहेत. पण ते विषय त्यांना भावी वकील म्हणून शिकवले जातात. जिथे प्रश्नाला निकाल नसतो, जिथे ‘हे जुळत नाही’ हेच उत्तर म्हणून चालते आणि त्याला पूर्ण गुण मिळतात, अशा वर्गात चार वर्षे बसण्याचा अनुभव त्यांना कुठे मिळणार? नरेंद्र चपळगावकरांसारखा, मराठीचा प्राध्यापक असलेला माणूस उच्च न्यायालयात जातो आणि पुढे २०२३ मध्ये वर्ध्याच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होतो, ही वाट यापुढे कोण चालेल? न्यायाधीश साहित्यिक व्हावेत असा माझा आग्रह नाही. गैरहजेरी कुठे जाणवते, तेवढे एका उदाहरणाने दाखवतो.

११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीच्या हक्काचा निकाल दिला. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद झाली. पण दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी बाप हयात नसेल तर? न्यायालयाने सांगितले, बाप हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्माचा आहे. आणि याचा आधार होता एक मिताक्षरी भेद: अप्रतिबंध दाय आणि सप्रतिबंध दाय. बापाच्या असण्या-नसण्याने जो अडत नाही, तो अप्रतिबंध. नऊशे वर्षांपूर्वी विज्ञानेश्वराने पुत्रपौत्रांसाठी मांडलेली ही कल्पना मुलीपर्यंत पोहोचली. जन्माने आलेला हक्क बापाच्या मर्जीपाशी थांबत नाही, हे तर आपाजी कुळकर्ण्यांच्या खटल्यात तेलंगांनी एकट्याने म्हटले होते. मात्र या निकालात मिताक्षरेपर्यंत जाण्याची वाट बहुतांशी इंग्रजी हातपुस्तकांतून जाते. मुंबईच्या ज्या नियमाने तेलंगांचे मत हरले, तो नियम याच हातपुस्तकांत अजूनही अपवाद म्हणून छापलेला असतो, त्या भिन्नमतातल्या युक्तिवादाविना.